दोन नंबर मोठं स्केट आणि आठवीपर्यंतचा हिशेब

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी चौथीत, वजन 27 किलो. दीड वर्षापासून ती मामेभावाच्या जुन्या क्वाड (दोन चाकं पुढे, दोन मागे) स्केट्सवर शिकते आहे. ते 4 नंबरचे आणि तिचा शाळेचा बूट 2 नंबरचा, म्हणून पुढे मोजा कोंबायचा आणि पायात दोन-दोन मोजे घालायचे. क्लासच्या सरांना आता तिला हॉकीत घ्यायचं आहे. तिचे ‘घोटे कच्चे’ आहेत म्हणून चांगला बूट घ्या, असं सांगून त्यांनी सामानाची यादी दिली आणि ती 25 हजारांच्या घरात गेली. यजमानांचं म्हणणं, घ्यायचेच तर दोन नंबर मोठे घ्या, आठवीपर्यंत पाहायला नको. सरांचं दुकानदाराशी काही साटंलोटं असेल का, अशी बाईंना शंका. पुण्याच्या भावाच्या ओळखीत कॅनडाहून आणलेले, बर्फावरच्या हॉकीचे वापरलेले स्केट्स स्वस्तात मिळताहेत. ‘पातं काढून चाकं लावली की झालं,’ असा त्याचा निरोप. सासूबाई म्हणतात, “पोरीच्या जातीचं तोंड फुटलं त कोन निस्तरीन?” घरात डोक्याला सायकलचं हेल्मेट आहे, ते चालेल का? आणि मुलीनं फोनवर भारताच्या महिला आइस हॉकी संघाचे सामने पाहिल्यापासून ‘मला बर्फावरच खेळायचंय’ हा धोशा लावलाय. पत्राचा शेवट असा: “एवढे पैसे घातले आणि सहा महिन्यांत तिनं सोडून दिलं तर?”

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत.

जी मुलगी दीड वर्ष मोजे कोंबलेल्या बुटात तग धरून आहे, ती सहा महिन्यांत सोडेल ही भीती मला तरी पटत नाही. मुलं खेळ सोडतात तेव्हा आपण म्हणतो, आवड संपली. पुष्कळदा आवड शाबूत असते, पण दर सरावाला पाय दुखतो, बरोबरीची मुलं पुढे निघून जातात आणि ‘तुझे घोटे कच्चे’ हे सारखं ऐकावं लागतं. तुमच्या लेकीच्या बाबतीत या घोट्यांबद्दलच मला आधी बोलायचं आहे.

आपल्याकडचे बुटांचे नंबर यूके पद्धतीचे असतात. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे 17 मिलिमीटर. एवढी पोकळी असली की प्रत्येक ढकलीला टाच आतल्या आत उचलली जाते आणि बुटाचा घोट्याजवळचा आधार तिच्या घोट्यावर न बसता भलतीकडेच बसतो. मग पाऊल आत कलतं. बघणाऱ्याला घोटा कच्चा वाटतो, आणि असतो तो बूट सैल. खात्री करायची तर तिला घरी अनवाणी उभी करा आणि मागून घोटे पाहा. मग एका पायावर, भिंतीला न टेकता. पाऊल सरळ राहिलं तर घोट्यांवर ठपका ठेवू नका. अनवाणी असतानाही ते आत कोसळत असेल किंवा तळवा अगदी सपाट असेल, तर एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. दुकानदार ते सांगू शकणार नाही.

यजमानांच्या हिशेबाला मी हसणार नाही. आपण सगळेच दुमड घातलेल्या गणवेशात वाढलो. पण गणवेशाची दुमड दरवर्षी थोडी उसवता येते, स्केटची येत नाही. मोठं घेतलेलं स्केट पहिली दोन वर्षं सैल असतं, तिसऱ्या वर्षी मापात येतं आणि तोवर त्याचं अस्तर बसलेलं, चाकं झिजलेली. म्हणजे शिकण्याची खरी वर्षं वाईट बुटात जातात. या वयात बहुतेक मुलांचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो. वाढीची मोकळीक ठेवायची ती अर्ध्या नंबराची. त्याहून जास्त नाही.

माप घ्यायची रीत सोपी आहे. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला लागून रद्दीचा कागद ठेवा, त्यावर तिला टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन देऊन उभी करा आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी उभी पेन्सिल धरून खूण करा. चवड्याची रुंदीही आखून घ्या. दोन्ही पायांचं करा, कारण ते क्वचितच सारखे असतात, आणि मोठा पाय धरून चाला. हे माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि दुकानदाराला नंबर न सांगता हेच सांगा. कारण बाउर, सीसीएमसारख्या हॉकीच्या कंपन्या अमेरिकी पद्धत वापरतात आणि त्यांच्या स्केटचा नंबर रोजच्या अमेरिकी बुटापेक्षाही एक-दीडने खाली असतो. शाळेच्या बुटाचा 2 नंबर सांगून ऑनलाइन मागवलं की पेटीतून काय निघेल, त्याचा भरवसा नाही.

बूट घरी आला की चाकं जमिनीला लावण्याआधी, परत करता येण्यासारखा आहे तोवर, तपासा. एकच पातळ मोजा, कोंबाकोंबी नाही. लेस पूर्ण सैल करा, पाय घाला आणि टाच मागे दोन-तीनदा ठोका. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकीशी लागली तर घाबरू नका. गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात आली की टाच मागे सरते आणि बोटं सुटतात. तशी ती सुटलीच पाहिजेत. त्या पवित्र्यातही बोटं दुमडलेली राहत असतील तर बूट लहान. आता उलटी परीक्षा: लेस न बांधता पाय पुढे सरकवायला सांगा आणि टाचेमागे तुमची करंगळी घालून पाहा. ती जेमतेम जावी. अंगठा सहज फिरला तर बूट मोठा.

तिसरी परीक्षा दुकानात कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. लेस उघडी असताना वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवा. ती दोन्ही काठांवर टेकली आणि खाली पायाला लागली नाही, तर बुटाची खोली पुरेशी. पायावर टेकून डुगडुगली तर बूट लांबीला बरोबर असूनही उथळ आहे आणि लेस आवळली की पायाचा वरचा भाग बधिर होईल.

मग लेस बांधून सतरंजीवर वीस मिनिटं बसू द्या, उठू द्या, चालू द्या. काढल्यावर पायावर लाली दिसेल. ती थोड्या वेळात गेली तर ठीक. घोट्याच्या हाडावर एकाच जागी लाल-निळा डाग टिकून राहिला तर तो बूट तिचा नव्हे. लेस बांधायची ती पुढे बोटांकडे सैलसर, मध्ये घोट्याच्या वळणावर घट्ट आणि वर गुडघा पुढे वाकेल इतकी मोकळी. बहुतेक पालक नेमकं उलटं करतात. वरची गाठ दात-ओठ खाऊन आवळतात आणि मधला भाग तसाच राहतो.

बटण दाबून लांबी वाढवता येणारे स्केट्स तुम्ही पाहिले असतील. कॉलनीत फिरायला ते छान. ज्यांच्या मुलाला अजून नुसती हौस आहे, त्यांनी तेच घ्यावेत. हॉकीत मात्र अचानक थांबणं आणि वळणं असतं, तिथे तो सरकता सांधा लवतो. शिवाय वाढते फक्त लांबी, घोट्याचा भाग होता तेवढाच राहतो.

आता सर. त्यांच्यावर संशय घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा राहिलाय: हॉकी म्हणजे कोणती? चाकांवरची हॉकी दोन प्रकारची आहे. एक क्वाडवर, चेंडू आणि आखूड वाकड्या काठीनं खेळतात. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून होती. दुसरी इनलाइन हॉकी, चारही चाकं एका रांगेत, चेंडूच्या जागी चपटी पक आणि लांब काठी. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धांत हे दोन वेगळे प्रकार आहेत. सरांची टीम क्वाडवर खेळत असेल तर इनलाइनचा अख्खा खर्चच बाद. इनलाइनची असेल तर यादीत जे ‘इनलाइन’ लिहिलंय ते हॉकीचं आहे की स्पीडचं, म्हणजे शर्यतीचं, ते पाहा. स्पीडच्या स्केटचा बूट घोट्याखाली संपतो, चेसिस (बुटाखालचा, चाकं बसवलेला सांगाडा) लांब आणि चाकं मोठी, 100 किंवा 110 मिमीची. त्यावर हॉकी खेळायला लावणं म्हणजे घोट्यावर अन्याय. हॉकीचं स्केट घोट्याच्या वर येतं, चेसिस आखूड, चाकं 80 मिमी किंवा त्याहून लहान, आणि मागे ब्रेकचा रबर नसतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण आतापर्यंत क्वाडच्या पुढच्या रबरावर थांबणाऱ्या मुलीला थांबणं नव्यानं शिकावं लागेल. ते येईपर्यंत हातात काठी नको.

यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर सरांना ‘हे का?’ विचारा. ज्याला खेळ कळतो तो कारण सांगतो आणि बूट घालून दाखवा म्हणतो. कारण न सांगता दुकानाचा पत्ता सांगणारा सर असेल, तर तुमची शंका खरी धरा. यादीत सगळ्यात वरच्या दर्जाचा बूट असेल तर तो मात्र निर्धास्त खोडा. महागडे बूट सगळ्यात कडक असतात, ते वजनदार आणि मुरलेल्या खेळाडूंसाठी. 27 किलोच्या मुलीला तो वाकवताच येणार नाही, आणि गुडघा पुढे वाकला नाही तर स्केटिंगच नाही. मधल्या दर्जाचा, पण मापाचा, हे तिच्यासाठी उत्तम.

भावाचे कॅनडाचे स्केट्स. पातं काढून चाकांची चेसिस बसवता येते हे खरं, बर्फाच्या आणि इनलाइनच्या बुटांची ठेवण बरीच सारखी असते. पण पात्याचा साचा तळाला रिव्हेटनी ठोकलेला असतो. ते काढून चेसिस नेमकी मधोमध बसवावी लागते; दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की स्केट एका बाजूला ओढतं आणि पुन्हा ‘घोटे कच्चे’ सुरू. हे काम सराव असलेल्या माणसाचं आहे, बर्डीवरच्या आपल्या मोच्याचा हात कितीही चांगला असला तरी. शिवाय वापरलेला बूट आधीच्या मुलाच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो. नव्या पद्धतीचे काही बूट खास ओव्हनमध्ये गरम करून पायावर पुन्हा बसवता येतात, पण तो ओव्हन दुकानातला, ठरलेल्या तापमानाचा. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये बूट घालू नका आणि मे महिन्यात गच्चीवर ठेवूनही काम होत नाही. ऊन फक्त गोंद सोडवतं. (स्केट्स गाडीच्या डिकीत विसरू नका, हेही त्यातच आलं.) वापरलेलं घ्यायला माझी ना नाही, पण ते नागपुरातच, पायात घालून पाहता येईल असं आणि चाकांसकट असावं.

चाकांबद्दल क्लासबाहेर उभे असलेले वडील फार बोलतात, त्यामुळे थोडक्यात. चाकावर दोन आकडे असतात. 72 मिमी, 76 मिमी हा व्यास. 78ए, 84ए हा कडकपणा, आकडा जास्त तितकं चाक कडक. गुळगुळीत इनडोअर फरशीवर मऊ चाक, 74 ते 78, पकड देतं. खरखरीत सिमेंटवर ते खोडरबरासारखं झिजतं, तिथे 80 च्या पुढचं हवं. मुलगी हलकी असल्यानं त्यातल्या त्यात मऊकडे झुका. 84 तिला घसरेल. आणि नागपूरभर सिमेंटचे रस्ते झालेत म्हणून रिंकची, म्हणजे स्केटिंगच्या गुळगुळीत फरशीची, चाकं घालून ती घरापासून क्लासपर्यंत जाणार असेल, तर दोन महिन्यांत नवी चाकं आणावी लागतील आणि रहदारीचा धोका वेगळाच. स्केट्स पिशवीतून न्यायचे. व्यास वाढवायच्या भानगडीत पडू नका, चेसिसमध्ये बसतं तेवढंच बसतं.

चाक आतल्या कडेनं झिजतं. दर काही आठवड्यांनी पहिलं-तिसरं आणि दुसरं-चौथं अदलाबदल करून, झिजलेली कड बाहेर येईल असं उलटं लावा. ॲलन की आणि पंधरा मिनिटं लागतात. मुलीलाच शिकवा. बेअरिंगवर ‘एबेक 7’, ‘एबेक 9’ लिहून जास्त पैसे मागतात. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर घडवलंय त्याचा, वेगाचा नव्हे; तुमच्या मुलीच्या वेगाला 5 आणि 9 मध्ये काही फरक पडणार नाही. बहुतेक स्केट्सना 608 मापाचं बेअरिंग लागतं, एका चाकात दोन, म्हणजे आठ चाकांना सोळा. पावसाळ्यात ओल्या रिंकवर गेलात तर घरी येऊन पुसा, सुकवा, थेंबभर तेल द्या. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो आतलं ग्रीस धुऊन टाकतो.

सासूबाईंचा प्रश्न मला तुमच्या सगळ्या पत्रात सगळ्यात शहाणा वाटला. फक्त त्यातलं ‘पोरीच्या जातीचं’ तेवढं बाजूला ठेवते. मुलाचं तोंड फुटलं तरी निस्तरावं लागतंच. त्यांना सांगा, हॉकीच्या हेल्मेटला पूर्ण चेहऱ्यावर जाळी येते. ती घ्याच, आणि पंचवीस हजारांत पहिला हिस्सा तिचा. सायकलचं हेल्मेट हॉकीला चालणार नाही. त्याचा थर्माकोलसारखा फेस एका मोठ्या आघातात चेपून संपतो आणि डोक्याचा मागचा खालचा भाग बराचसा उघडा राहतो. स्केटवर माणूस अनेकदा मागेच पडतो. हॉकीचं हेल्मेट पुन्हा पुन्हा बसणारे मार झेलायला केलेलं असतं. घरात कुणाचं क्रिकेटचं असेल तर तेही नको, ते चेंडूसाठी आहे. बसवताना पुढची कड भुवईच्या वर एक-दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतकीच जागा, आणि पट्टा न लावता मान हलवली तरी ते डुलता कामा नये. बाकी काहीही जुनं घ्या. हेल्मेट जुनं घेऊ नका, त्यानं आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. आणि डोक्याला जोरात लागल्यावर उलटी, डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर, मग सामना कोणताही असो.

दातांसाठी गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं माउथगार्ड स्वस्त मिळतं. या वयात दुधाचे दात पडत असतात, त्यामुळे ते दर काही महिन्यांनी बदलावं लागेल. पायाला गुडघ्यापासून बुटापर्यंत येणारं शिन गार्ड; नुसतं नी-पॅड पुरत नाही, कारण पक आणि काठी नडगीवरच बसते. माप गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून बुटाच्या वरच्या काठापर्यंत घ्यायचं, तेही स्केट घातलेलं असताना. कोपराचं पॅड घट्ट, खाली घसरणारं नको. हातात हॉकीचे ग्लोव्हज. मनगटाची पट्टीवाली गार्ड काठीशिवायच्या सरावाला चांगली, पण ती घालून काठी धरता येत नाही. ओटीपोटाचं गार्ड मुलींसाठीही असतं आणि ते मागायला लाजू नका. काठी स्केट घालून हनुवटीपर्यंत, नंतर कापून आखूड करता येते.

राहिला बर्फ. तिनं पाहिलं ते खरंच पाहण्यासारखं आहे. 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला झालेल्या महिला आशिया कपात भारताच्या संघानं कांस्यपदक मिळवलं, आणि त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. आपल्याकडे अंबाझरी आणि फुटाळा काही गोठत नाहीत, म्हणून आज बर्फाचे स्केट्स विकत घेण्यात अर्थ नाही. त्यांचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं, त्याला लांबीभर पन्हळ घासून दोन धारा काढतात. नवं पातं बहुधा धार न लावलेलंच येतं आणि वापरात वारंवार धार लागते. धार लावायचं यंत्र शोधत कुठं फिरणार? आणि आपल्या पावसाळ्यात ते पातं नुसतं कपाटात गंजेल. पण तिला ‘नाही’ म्हणायचीही गरज नाही. तोल, वळणं, पाय ओलांडून टाकणं, नजर वर ठेवून पक नेणं हे सगळं इनलाइनवर शिकलेलं बर्फावर उपयोगी पडतं. थांबणं तेवढं वेगळं. बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबता येतं, चाकं तशी सहज घसरत नाहीत. देहरादूनला बंदिस्त बर्फाची रिंक आहे. कधी उत्तरेला सहल काढलीत तर ती चालू असल्याची चौकशी करून, भाड्याच्या स्केट्सवर तासभर उतरू द्या. तिला काय हवंय ते त्या तासात तिला तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

पैशांचा क्रम मी असा लावीन: आधी हेल्मेट-जाळी आणि माउथगार्ड, मग मापाचा मधल्या दर्जाचा बूट, मग शिन गार्ड, कोपर आणि ग्लोव्हज. हे तिघे जुने, धुऊन, चालतील. जादा चाकं, भारी बेअरिंग, कार्बनची काठी यंदा नको. खरा महाग जोड घ्यायचाच असेल तर ती तेरा-चौदाची झाल्यावर घ्या. मुलींच्या पायाची वाढ त्या सुमारास मंदावते आणि यजमानांना हवे तसे बरेच वर्षं चालणारे स्केट्स तेव्हा खरोखर मिळतील.

तोवर दरवर्षी नवा बूट कसा परवडणार, हा तुमचाच नाही, क्लासमधल्या प्रत्येक घरचा प्रश्न आहे. म्हणून एक करा. पालकांच्या ग्रुपवर सगळ्या मुलांच्या पायाचं माप मिलिमीटरमध्ये टाकायला सांगा, दर चार महिन्यांनी. 215 चा बूट ज्याला लहान झाला, त्याच्याकडून 210 वाला तो निम्म्या किमतीत घेतो आणि स्वतःचा पुढच्याला देतो. चाकांची झीज पाहून किंमत ठरवा, बुटाच्या आत हात घालून टाचेचं अस्तर फाटलंय का ते तपासा आणि घोट्याजवळ दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. कडा एकमेकींना सहज भिडल्या तर बूट मेलेला आहे, फुकट दिला तरी घेऊ नका.